अकरा पायऱ्या

वाशी, सेक्टर सतरा. झेरॉक्सवाल्याच्या शेजारून
अकरा पायऱ्या उतरलं की माझं दुकान.
गल्ल्यावरून आधी फक्त बूट दिसतात,
मग गुडघे,
चेहरा सगळ्यात शेवटी. तोवर
माझा हात बरोबर त्या खणाकडे गेलेला असतो.

आमचे बाबा दाणाबाजारात माथाडी.
व्यापारी पोत्याच्या पोटात परखी खुपसायचा,
तळहातावरचे चार दाणे बघून
अख्ख्या ट्रकचा भाव बोलायचा.
मी बुटांवरून बोलतो. घरातनं एवढंच शिक्षण आलं.

सुरुवातीला जाड तळव्यांचे काळे बूट यायचे,
भर मे महिन्यातसुद्धा.
केस राखलेली, घामानं निथळणारी,
इंजिनिअरिंगला केटी लागलेली पोरं.
कवट्या मागायची. साखळ्या, खिळ्यांचे पट्टे.
उल्हासनगरहून मी कवट्या आणायचो डझनाच्या भावानं.
आई म्हणायची, अमावस्येला तरी शटर लवकर ओढ.

मग एका वर्षी चौकटीचौकटीचे कापडी बूट.
एक डोळा केसांखाली झाकून पोरं हळू बोलायला लागली.
ऐरोलीची शर्वाणी, मनगटभर रबरी कडी,
म्हणाली, काका, दुःखी वाटेल असं काही आहे?
मी जांभळं दिलं.
चाललं.

त्यानंतर पांढरे, फुगीर,
टूथब्रशनं घासून ठेवलेले बूट.
तुर्भे स्टोअर, कोपरखैरणे, घणसोली गाव,
यमकाला यमक भिडवत उतरायची पोरं.
मी मीडियम मागवणंच बंद केलं, थेट ट्रिपल एक्सेल;
आत एकेक शिडशिडीत जीव उभा,
तंबूत काठी असावी तसा.
दिवाळ्याच्या कोळीवाड्यातला हर्षद म्हणाला,
शेठ, कवट्या पुरे, आमची होडी छापा.
छापली. पंधरा दिवसांत संपली.

मग कोरियाचं गुलाबी. मग जपानची कार्टून.
कार्टून म्हणालो म्हणून सीवूड्सची एक पोरगी
पैसे न देता वर निघून गेली.
आता म्हणत नाही.

कुठली गोष्ट कधी संपते, मला कुणी सांगत नाही.
एक खोकं उशिराच कळतं.
ते खोकं माळ्यावर जातं.
मी स्वतः आयुष्यभर बुशशर्ट घातला, खिशाला पेन.
काका, तुम्ही काय ऐकता,
असं इतक्या वर्षांत एकानं विचारलं नाही;
विचारलं असतं तर पंचाईत होती.

गेल्या गुरुवारी पायरीवर ऑफिसचे बूट दिसले,
नाडीवाले, तपकिरी.
माझा हात जागीच. त्या बुटांचा खण नाही माझ्याकडे.
त्यांच्या बाजूला छोटे, काळे, जाड तळव्यांचे.
गुडघे. पोट.
मग खानोलकरचा मंदार, डोक्यावर केस जेमतेम,
माझे साडेतीनशे बुडवून गेलेला.

पोरगी नववीतली. कवटी हवी म्हणाली,
जुनी असेल तर बेस्ट, खरी विटलेली.
विटलेल्यावर मी सूट द्यायचो पूर्वी.
शिडी लावली, माळ्यावरून खोकं काढलं.
तिनं टी-शर्ट नाकाशी धरला, डांबरगोळ्यांचा वास,
आणि डोळे मिटले.
बाप भिंतीवरची होडी बघत होता.
तिला त्यानं काहीच सांगितलेलं नव्हतं, हे मला दिसलं.

बाराशे, मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.
साडेपंधराशे काढून ठेवले त्यानं,
मोजायला मला दहा रुपयांची एक नोट कमी पडेल
असं वाटलं; नाही पडली. पन्नास मी परत केले नाहीत,
पॅचचा एक गठ्ठा पोरीच्या पिशवीत टाकला, झालं.

जाताना उलटं होतं:
आधी चेहरे जातात, बूट शेवटी.
छोटे धडधड वर गेले. तपकिरी
सातव्या पायरीवर थोडे थांबले,
जिथं ही टोळी बसायची नि मी ओरडायचो.

रात्री उल्हासनगरला फोन लावला.
तीन डझन कवट्या, जुन्याच, म्हटलं.
तो म्हणाला, शेठ, ती स्क्रीन आता कुठली,
तीच खरवडून आपण होडी काढली नव्हती का?